भरलेली बाटली

तो पहिल्यांदा दिसला तो आरशात. बाहेरच्या आरशात मला मागून येणारी गाडी दिसायला हवी होती. त्याऐवजी एक कॅमेरा, एक वाढलेली दाढी आणि बसच्या पायरीवर डुलणारा एक आख्खा माणूस दिसत होता. मी वेग कमी केला आणि सांगितलं, आत या नाहीतर उतरा, पण माझा आरसा सोडा.

तो आत आला. माझ्या सीटमागे दांडीला धरून उभा राहिला आणि सांगू लागला की तो आमच्याच बस सेवेचा माणूस आहे, मुख्य ऑफिसातला, फोटो-व्हिडिओचं अधिकृत पेज तोच चालवतो, आणि त्याला महिला ड्रायव्हरचा एक हसरा फोटो हवाय. मी काही न बोलता डोक्यावरच्या पाटीकडे बोट केलं. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.

तो गप्प झाला. पण कंडक्टरशी बोलू नये अशी पाटी कुठल्याच बसमध्ये नसते.

"तो म्हणतो, जरा हसाल का," मागून मावशीचा आवाज आला. मावशी माझी कंडक्टर. सगळ्या रूटची मावशी.

"विचार त्याला, कशासाठी?"

"म्हणतो, लोकांना बघून बरं वाटतं."

"सांग त्याला, शेवटच्या थांब्यावर हसते."

"ती म्हणते, शेवटच्या थांब्यावर हसते. तिकीट काढलंय का तुम्ही? ऑफिसातले असाल नाहीतर कुठले, तिकीट काढा."

त्याने तिकीट काढलं. आतल्या आरशात मला त्याचे फक्त डोळे दिसत होते, आणि ते तिकिटाकडे नव्हते.

—

आमचा शेवटचा थांबा म्हणजे एक पत्र्याची शेड, एक चहाची टपरी, वेळा लिहिणाऱ्या कारकुनाची केबिन आणि तिच्यामागे दोन दारं. एक पुरुषांचं, ते उघडं. दुसऱ्यावर गुलाबी रंगात बाईचं चित्र, त्याखाली मोठं पितळी कुलूप.

मी त्या कुलपाशेजारी जाऊन उभी राहिले आणि हसले. मनापासून. सगळे दात दाखवून.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला.

"हे... हे बंद आहे?"

"तुम्हाला नवीन आहे?"

"याच्या उद्घाटनाचे फोटो मी काढलेत. फीत होती इथे. साहेब होते."

"हो ना. फीत कापली, फोटो झाला, फोटो तुमच्या पेजवर गेला. मग कुलूप लागलं. किल्ली कुणाकडे आहे ते फीत कापणाऱ्याला विचारा."

तो बराच वेळ त्या गुलाबी बाईकडे बघत राहिला. मग कॅमेरा परत वर घेतला आणि म्हणाला, "थोडं डावीकडे सरका. कुलूप दिसत नाहीये."

खरं सांगायचं तर, तेव्हाच काहीतरी हललं. पण मी ते कबूल करणार नव्हते. फेरीची वेळ झाली होती.

—

(तो फोटो अधिकृत पेजवर आला नाही. माझ्या फोनवर आला, नंबर मावशीकडून घेतलेला. त्याखाली त्याने लिहिलं होतं: हा तुमचा. हवा तिथे लावा.)

—

हवा तिथे म्हणजे कुठे?

माझं पेज नव्हतं. मी फोनवर दुसऱ्यांच्या मांजरी बघणारी बाई. त्या आठवड्यात मात्र मावशी ड्युटीवर थंडी वाजून कापायला लागली. भर उन्हात. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं, लघवीचा संसर्ग म्हणाल्या, मूत्रपिंडापर्यंत गेलाय म्हणाल्या, आणि रागावून विचारलं की तुम्ही पाणी पीत नाही का.

मावशी खाटेवर उठून बसली. "डॉक्टर, पाणी प्यायचं ते मला ठाऊक आहे. सोडायचं कुठे ते लिहून द्या."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

दवाखान्यातून निघताना मी मावशीची पिशवी उचलली तर ती जड लागली. आत तिची पाण्याची बाटली होती. सकाळी घरून भरून आणलेली. काठोकाठ तशीच. आम्ही सगळ्या असंच करतो. बाटली आणतो, कारण आणली नाही तर घरचे ओरडतात. आणि पीत नाही, कारण प्यायलो तर पुढे काय. ती संध्याकाळी झाडांना घालतो.

मी ती बाटली बसच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि फोटो काढला. मागे काचेतून उजेड येत होता. आपोआप चांगला आला.

मग ओळ लिहायला बसले.

माननीय महोदय, विनंती आहे की... नको.

आम्हीही माणसं आहोत... हे सगळेच म्हणतात. नको.

ड्युटी संपली. बाटली भरलेलीच आहे. का, ते विचारा.

हे ठेवलं. पेजचं नाव 'शेवटचा थांबा'.

—

दुसऱ्या दिवशी कुणीतरी आपली बाटली टाकली. निळं झाकण, ओरखडे पडलेली. ती गॉगलची होती. गॉगल म्हणजे दुसऱ्या रूटची ड्रायव्हर, ढगाळ असलं तरी डोळ्यांवर काळा चष्मा. मग तिची कंडक्टर. मग डेपोत झाडणाऱ्या दोघी. मग आमच्या नव्हेत अशा बायका. कपड्याच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या, चौकात शिट्टी वाजवणाऱ्या, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या. सगळ्यांच्या बाटल्या वेगवेगळ्या आणि सगळ्यांचं पाणी एकाच रेषेवर. मी कुलपासमोर उभी राहून छोटे व्हिडिओही टाकू लागले.

माझी आई पूर्वी साड्यांच्या दुकानात होती. तिने माझ्या फोनवर सगळे फोटो एकेक करून पाहिले. नंतर भांडी घासताना पाठमोरीच म्हणाली की आमच्या वेळी बाटल्या नव्हत्या, नाहीतर मीपण काढला असता.

आणि तो येऊ लागला.

पहिल्या थांब्यावर चढायचा, माझ्या मागच्या सीटवर बसायचा, शेवटपर्यंत यायचा. त्याचं ऑफिस आमच्या रूटवर नव्हतंच. वाटेत बोलायची बंदी, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं साठून राहायचं आणि शेवटच्या थांब्यावर, बस वळवून लावली की, एकदम सांडायचं. चहाचा कप हातात, आणि हा भराभर सांगतोय. ज्यांना भीती वाटते त्यांचे चेहरे घेऊ नका, हात घ्या, हातही बोलतात. विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो टाकू नका. व्हिडिओ आडवा नको, उभा काढा. बहुतेक लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं खाली अक्षरांत लिहा. पहिल्या क्षणात बाटली दिसली पाहिजे, भाषण नंतर.

"माझं भाषण वाईट असतं?" मी विचारलं.

"नाही. पण लोक थांबतात ते तुमच्या भुवईसाठी."

"भुवईसाठी?"

"कुलूप म्हणताना डावी वर जाते."

मी चहा प्यायले. म्हणजे, प्यायल्यासारखं केलं. शेवटच्या थांब्यावर मी काहीच पीत नसे. त्याच्या ते लक्षात आलं, आणि त्याने स्वतःचा कप न पिता खाली ठेवला. तेव्हापासून तोही त्या टपरीवर काही प्यायला नाही. मी त्याला वेड्यात काढलं. पुरुषांचं दार उघडं आहे, तुम्ही कशाला उपाशी... तहानलेले राहता, म्हटलं. तो नुसता खांदे उडवून मोकळा.

मावशी आजारपणातून परत आली तेव्हा तिने हा सगळा प्रकार एका फेरीत ओळखला.

"सगळी बस तुला ताई म्हणते," ती म्हणाली. "म्हातारेसुद्धा. हा एकटा काही म्हणत नाही. अहो नाही, ताई नाही, बाई नाही. वाक्यं कशी मधूनच सुरू करतो बघ. असा माणूस एकतर उद्धट असतो नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"तिकीट, तिकीट," म्हणत मावशी मागे निघून गेली.

—

मग नव्या बसगाड्यांची घोषणा झाली. चकचकीत, धूर न सोडणाऱ्या. त्या सुटणार होत्या आमच्याच शेवटच्या थांब्यावरून आणि मोठे साहेब स्वतः हिरवा झेंडा दाखवणार होते. अधिकृत पेजवर रोज त्यांचे फोटो येऊ लागले. रोज कुणीतरी लिहायचं, वा, छान, अभिमान.

आम्ही ठरवलं की त्या प्रत्येक फोटोखाली प्रत्येकीने आपापली बाटली लावायची. नवी बस आली, जुनं कुलूप तसंच आहे, एवढीच ओळ. आमच्या छोट्या पेजवर किती लोक येणार. तिथे सगळं शहर येत होतं.

सगळ्यांनी हो म्हटलं. मी लावली. रोज लावली.

आणि काही झालं नाही.

म्हणजे, माझी बाटली मला तिथे दिसायची. एकटी. खाली-वर अभिमान, छान, वा. गॉगलची नाही, मावशीची नाही, झाडणाऱ्या दोघींची नाही. मी वाट पाहिली. मग डेपोच्या फाटकात गॉगलला गाठून विचारलं की घाबरायचं होतं तर हो का म्हणालीस.

तिने चष्मा काढला. ती कधीच काढत नाही.

"मी घाबरले? रोज मी एकटी नागडी उभी आहे तिथे, आणि तुम्ही पुढारी लोक कुठे गायब आहात?"

मग जे व्हायचं ते झालं. ती मला म्हणाली की तुला फक्त फोटोत यायचंय. मी तिला असं काही बोलले की ते इथे लिहीत नाही. झाडणाऱ्या दोघी एकमेकींवर रुसल्या. मावशी सगळ्यांवर. घरी मी पेज बंद करायला बटणापर्यंत बोट नेलं होतं.

मावशीनेच ते थांबवलं. तिला खोटं बोलणारी माणसं तिकिटावरून कळतात, आणि तिचं म्हणणं की गॉगलच्या तोंडावर खोटं नव्हतं. तिने आम्हाला डेपोतल्या बाकावर ओळीने बसवलं आणि सगळ्यांना अधिकृत पेजवरचा तोच एक फोटो उघडायला लावला. मग फोन शेजारी शेजारी ठेवले.

माझ्या फोनवर: माझीच बाटली.

गॉगलच्या फोनवर: गॉगलचीच.

मावशीच्या फोनवर: मावशीचीच.

आमचा मेकॅनिक तिथून जात होता, त्याने काहीच लावलं नव्हतं. त्याच्या फोनवर: अभिमान. छान. वा.

गॉगलने हळूच चष्मा नीट केला, आणि तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला, तो तसाच राहू दिला.

कुणीतरी आमच्या ओळी अशा लपवत होतं की जिने लिहिली तिला ती दिसावी आणि जगाला दिसू नये. हे काम पेज चालवणाराच करू शकतो. आणि पेज कोण चालवतं ते मला आरशातून रोज दिसत होतं.

—

त्या दिवशी तो चढला तेव्हा मी मागे पाहिलं नाही. मावशीनेही निरोप पोचवला नाही, तो काहीतरी म्हणत होता तरी. शेवटच्या थांब्यावर मी इंजिन बंद केलं, उतरले आणि सरळ विचारलं.

त्याने नाही म्हटलं नाही. एवढं एक त्याच्या बाजूचं.

"वरून हुकूम आला होता," तो म्हणाला. "सगळ्या पुसा आणि सगळ्यांना पेजवरून कायमचं बाहेर काढा. मी म्हटलं, पुसलं तर बोंब होईल, लपवतो. त्यांना पटलं. मी पुसल्या नाहीत. एकही नाही. सगळ्या आहेत, आत. एकेक करून हाताने उघडता येतात."

"म्हणजे उपकार केलेत."

"तसं नाही. मला वाटलं, निदान..."

"पुसल्या असत्यास तर आम्ही सगळ्या मिळून तुला शिव्या दिल्या असत्या. लपवल्यास, म्हणून आम्ही एकमेकींना दिल्या. कळतंय का तुला तू काय केलंस? साहेबाला जे इतकी वर्षं जमलं नाही ते तू केलंस. आम्हाला फोडलंस."

टपरीवाला कप धुवायचा थांबला होता.

"मला 'तू' म्हणालात," तो हळूच म्हणाला. आणि त्या मूर्खाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"हसू नकोस. रागाने म्हणाले."

"चालेल."

"मला चालत नाही. उद्यापासून माझ्या बसमध्ये येऊ नकोस."

"सार्वजनिक सेवा आहे," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मग तिकीट काढ आणि मागे बस. माझ्या आरशात दिसायचं नाही."

तो मागे बसला. शेवटच्या रांगेत, खिडकीकडे तोंड करून. उतरेपर्यंत त्याने मान वळवली नाही. मला कसं माहीत? आरसा माझा आहे. मी थोडा वळवून घेतला होता. फक्त रस्त्यासाठी.

—

डेपो मॅनेजरने मला बोलावलं ते त्यानंतर लगेचच. गणवेशात व्हिडिओ काढणं हा शिस्तभंग. समारंभ होईपर्यंत गाडी मिळणार नाही, डेपोच्या शेडमध्ये बसा. पेज बंद करा, माफी लिहून द्या, मग स्टेअरिंग. नाहीतर निलंबन.

तो वाईट माणूस नव्हता, घाबरट होता. त्याने मला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि समजावलं की तुम्ही चांगल्या ड्रायव्हर आहात, एका बाथरूमसाठी कशाला करिअरची माती करता.

मी विचारलं की साहेब, तुम्ही सकाळपासून कितीदा उठून गेलात?

त्याने पंखा बंद केला.

माफी मी लिहिली नाही. शेडमध्ये बसले. माझी बस दुसराच कुणी चालवत फाटकातून बाहेर न्यायचा, गिअर टाकताना असा खरवडायचा की माझे दात शिवशिवायचे. बस चालवणं म्हणजे काय ते ज्याने चालवली नाही त्याला सांगता येत नाही. एवढं मोठं धूड आणि ते तुमच्या तळव्याचं ऐकतं. ते मला परत हवं होतं. खूप हवं होतं. घरी आईने विचारलं, लिहून दिलं तर काय बिघडतं. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनेच स्वतःचं उत्तर दिलं. म्हणाली, राहू दे, काही लिहू नकोस, मी अजून शिलाई करू शकते.

गणवेशात व्हिडिओ नाही ना? ठीक आहे. समारंभाच्या दिवशी सगळ्यांनी सुट्टी टाकली. आणि सगळ्या घरच्या कपड्यांत आल्या.

—

मंडप शेवटच्या थांब्यावर. फुलांच्या माळा घातलेल्या नव्या बस. गुलाबी दारासमोर त्यांनी भला मोठा फलक लावला होता, साहेबांचा हसरा चेहरा, म्हणजे दार झाकलं जावं. आम्ही त्या फलकाच्या मागे जाऊन दाराशी उभ्या राहिलो, मग फलक उचलला आणि बाजूला नेऊन ठेवला. अगदी नीट. साहेबांच्या चेहऱ्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही.

तो समोरच होता. तिवईवर कॅमेरा, अधिकृत पेजवर सगळं थेट दाखवत. त्याने आमच्याकडे पाहिलं. त्याची दाढी आणखी वाढली होती, डोळे जागरणाने लाल. मी माझा फोन वर केला आणि आमच्या पेजवर बोलायला लागले. बघणारे मूठभर. त्याच्या कॅमेऱ्यासमोर अख्खं शहर.

त्याने कॅमेरा वळवला नाही. साहेबांवरच ठेवला.

मी मनात म्हटलं, संपलं. मोकळी झाले. आणि बोलत राहिले, कारण मी त्याच्यासाठी बोलत नव्हते.

साहेब भाषणात प्रगती या शब्दापर्यंत आले होते तेव्हा गॉगलचा फोन वाजला. मग मावशीचा. मग झाडणाऱ्या दोघींचे. मग मंडपात पहिल्या रांगेत बसलेल्या एका पत्रकारबाईचा. ती फोनकडे बघत बसली, मग साहेबांकडे, मग आमच्याकडे.

"बाई, उघड तुझा फोन," गॉगल माझ्या कानात म्हणाली. "आपण सगळ्या दिसतोय."

अधिकृत पेज. नव्या बसचा पहिला फोटो. त्याखाली बाटली, बाटली, बाटली. निळं झाकण, लाल झाकण, ओरखडे, स्टील, प्लास्टिक. दुसऱ्या फोटोखाली तेच. तिसऱ्याखाली तेच. महिनाभर आत कोंडलेल्या ओळी, अनोळखी बायकांच्यासुद्धा, ज्या आम्हाला माहीतही नव्हत्या. आम्ही स्वतःला थोड्याजणी समजत होतो. आम्ही थोड्या नव्हतो.

लपवलेलं एकदम उघडत नाही, हे त्यानेच मला मागे सांगितलं होतं. एकेक ओळ हाताने उघडावी लागते. मी त्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. तो कॅमेऱ्याच्या मागे होता आणि त्याचा एक हात तिवईआड धरलेल्या फोनवर अजून चालू होता.

पत्रकारबाई उठली आणि माईक नसताना, साध्या आवाजात तिने विचारलं की साहेब, त्या दारामागे काय आहे.

साहेब म्हणाले, स्वच्छतागृह. अर्थातच. चालू आहे.

"मग मी जाऊन येते," मावशी म्हणाली. "फार वेळ झाला मला."

मंडपात कुणीतरी हसलं. मग बरेच जण. किल्लीची शोधाशोध सुरू झाली. कारकुनाकडे नव्हती. डेपो मॅनेजर खिसे चाचपत होता. शेवटी आमचाच मेकॅनिक लोखंडी पहार घेऊन आला आणि कुणाला न विचारता त्याने कुलूप उखडलं. आत जुन्या सीटा, रंगाचे डबे, फाटके बॅनर, छतापर्यंत. आम्ही रांग केली आणि हातोहात सगळं बाहेर आणलं, आणि ठेवलं कुठे तर मंचासमोर. एकेक सीट. साहेब भाषण थांबवून तो वाढत जाणारा ढिगारा बघत राहिले. अधिकृत कॅमेरा अजूनही प्रामाणिकपणे साहेबांवरच होता. ढिगारा त्या चौकटीत आपोआप आला.

मग मावशी आत गेली. दार लावून घेतलं. बाहेर सगळा समारंभ थांबला. साहेब, पत्रकार, नव्या बस, आम्ही. आतून पाणी पडल्याचा आवाज आला आणि गॉगलने टाळी वाजवली.

—

त्याची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. माझी राहिली, गाडीही परत मिळाली. इतकं सगळं शहराने पाहिल्यावर मला काढणं त्यांना जड गेलं. खुलासा मागणारं पत्र मात्र आलं, ते अजून तसंच आहे. मी काही खुलासा केला नाही. दार रोज उघडं असतं, बाकीच्या थांब्यांवरची उघडायला आमची मोहीम चालू आहे.

आणि आता लोकांना आमच्यात नवीन विषय सापडला.

अच्छा, म्हणजे हे त्या पेजवाल्यासाठी होतं.

बाटलीचं नाटक, आत वेगळंच प्रकरण.

ताई, लग्नाची पत्रिका कधी?

मावशीने ते वाचून मला बाजूला घेतलं. म्हणाली, तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, पण थोडे दिवस दम धर. या लोकांना तोंड नको द्यायला. उरलेली कुलपं निघू देत, मग काय ते कर. ती चुकीचं सांगत नव्हती. डेपो मॅनेजरच्या खोलीतही हेच बोलणं चाललं होतं, फक्त वाईट शब्दांत. मी त्याच्याबरोबर दिसले की त्यांना सांगता येणार होतं, बघा, बाईचं लफडं होतं, बाथरूम निमित्त.

तो आला तेव्हा दुपार होती. मी डेपोत, गाडी धुवून उभी. फाटकाबाहेरच थांबला. आत यायचा पास आता नव्हता. मी गेले.

"दोन गोष्टी," तो म्हणाला. "एक म्हणजे, लपवल्या ते चूक. घाबरलो होतो. शहाणपणा वगैरे काही नव्हता तो."

"माहितीये."

"माफ केलं?"

"अजून नाही. चालू आहे."

त्याने मान हलवली, जणू हे त्याला अपेक्षेपेक्षा जास्तच मिळालं. मग जमिनीकडे बघत म्हणाला की त्याने लोकांचं लिहिलेलं वाचलंय. आणि म्हणून तो काही दिवस दूर राहील. फोनही करणार नाही. मोहिमेला डाग नको. नंतर, सगळं शांत झालं की... पुढे तो अडला.

"नंतर काय?"

"तुला माहितीये काय."

"मला माहिती असणं वेगळं. तू म्हणणं वेगळं."

त्याने वर पाहिलं. उन्हात डोळे बारीक केले.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "आरशात बघितलं त्या दिवसापासून. तू 'उतरा' म्हणालीस तेव्हापासून."

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. मी ती जाऊ दिली.

"आणि मी काय करायचं? तू मला आत ठेवणार, कुणाला दिसू नये असं, आणि मी समजायचं की मी आहे?"

"तुझ्या भल्यासाठी म्हणतोय मी."

"मागच्या वेळीही भल्यासाठीच होतं."

तो फाटकाच्या साखळीशी चाळा करू लागला. लोक बोलणारच होते. बाई काही मागते तेव्हा लोक आधी तिच्यामागे कोण उभं आहे ते बघतात. कुणी नसेल तर म्हणतात एकटी आहे, असेल तर म्हणतात त्याच्यासाठी आहे. मी दार मागितलं होतं ते माझ्यासाठी. आणि हा माणूस मला हवा होता तोही माझ्यासाठी. यातलं एक खरं ठरवायला दुसरं दडवायची मला गरज नव्हती.

मी फाटकाच्या रखवालदाराला सांगितलं की हे माझ्याबरोबर आहेत. त्याने वहीतून मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि साखळी काढली.

"कुठे?" फाटकाबाहेरून तो मला म्हणाला.

"आत. मावशीला भेटायचंय तुला. गॉगललाही. तिच्याशी तू स्वतः बोल, ती अजून चिडलेली आहे."

"इथून? सगळ्यांसमोरून?"

डेपोचं आवार मोठं आहे. मधे सावली नाही, आडोसा नाही. एका बाजूला वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला ऑफिसच्या खिडक्यांची अख्खी रांग, आणि जेवणाची सुट्टी नुकतीच सुरू झालेली. मी त्याचा हात धरला. त्याचा तळवा घामाने ओला होता, माझा ग्रीसने काळा.

आम्ही चालायला लागलो. वर्कशॉपमधली ठोकाठोक थांबली. ऑफिसच्या खिडक्यांत एकेक डोकं आलं. डेपो मॅनेजरच्या खिडकीत तर दोन. कुणीतरी फोन उचलून आमच्यावर धरला.

त्याने हात सोडवून घ्यायला पाहिलं. मी सोडला नाही.